नायकाने तोंड उघडायचं नाही

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, ऐन रंगात माईक बंद पडला, तेव्हा शहाणा माणूस खाली उतरून चहा प्यायला असता. लखन राठोडने उरलेल्या सगळ्या बैलजोड्या नुसत्या घशाने पळवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून त्याची आई जमनीयाडी आधी गोठ्यात पाहून आली. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं आणि आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात म्हणाल्या. औषध एकच, तोंड बंद. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, गुणगुणायचंही नाही. त्या सांगतील तोवर गप्प राहिला तर गाठी जिरतील. नाही राहिला तर चाकू लागेल, आणि चाकूनंतर आवाज पहिल्यासारखा येईल याची हमी कोणी देणार नाही.

आता लखनला गप्प बसवणं म्हणजे काय, ते सांगते. फुलसावंगीजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर तो खोकला तरी लोक विचारतात, पुढं काय झालं? हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पटाचं निवेदन हे त्याचं काम, आणि बाराही महिने रविवारी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तो लदेणी खेळवतो. हा खेळ त्याने स्वतः रचला. राठोड-पवारांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलुख तुडवायचे, त्या धंद्याला लदेणी म्हणत. आता सगळ्यांची आपापली शेतं आहेत, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आहे. लदेणी उरली ती या शेडमध्ये. आम्ही जमिनीवरच गोल बसतो, पण त्या गोलाला सगळे टेबल म्हणतात. लखन नायक, म्हणजे तांड्याचा म्होरक्या, होतो आणि सांगतो, वाटेत काय आलं: नदी, वाघ, लुटारू, महसूल मागणारा शिपाई. आम्ही प्रत्येक जण तांड्यातलं एक माणूस होऊन सांगतो, आपण काय करतो. ते जमलं की फसलं, हे मूठभर कवड्या फेकून ठरवायचं. जितक्या उताण्या पडतील तितकं नशीब. बस, एवढाच खेळ. आणि त्यापायी लोकांनी लग्नांची जेवणं सोडली आहेत.

मी निकिता. फुलसावंगीत माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिकेत कोणी काही मोघम छापायला सांगितलं की माझं डोकं तापतं. ‘दुपारी साधारण बारा वाजता’ असं म्हणणाऱ्या एका नवरदेवाच्या काकांना मी विचारलं होतं, अक्षताही साधारण टाकायच्या का? ते काका अजून मला रस्त्यात टाळतात. लदेणीच्या टेबलावर तांड्याबाहेरची मी एकटीच, पण त्यांनी मला केव्हाच पवार करून टाकलं आहे.

लखन गप्प झाल्यावर शाम नावाच्या त्याच्या चुलतभावाने नायक होऊन पाहिलं. तासाभरात अर्धा तांडा वाघाने खाल्ला आणि उरलेला अर्धा रुसून घरी गेला. पुढच्या रविवारी तर कोणी कवड्याच काढल्या नाहीत. लखन खांबाला टेकून बसला होता. त्याने पाटीवर लिहिलं, ‘टेबल मोडून राह्यलं. आणखी एकदा मोडलं तं मी बोलतो. आवाज गेला तं गेला.’

“अन् मंग पटावर काय करशीन? मुजरा?” मी विचारलं.

त्याने पाटी पुसली नाही. मला माणूस ओळखता येतो. हा खरंच बोलला असता. वर्षानुवर्षं उभं केलेलं टेबल डोळ्यांसमोर उठून जाताना पाहण्यापेक्षा याने गळा कापून घेतला असता. म्हणून मी म्हटलं, तुझ्या डोक्यात जे आहे ते सगळं कागदावर दे. नियमांचं पुस्तक करू. असं करू की कोणीही नायक होईल, अगदी शामसुद्धा.

पहिला खर्डा आला तो वाचून मी दुकानाचं शटर ओढलं, कारण मला मोठ्याने ओरडायचं होतं. ‘मीठ भिजलं की काय होते ते तुमाले माहीतच हाय.’ कोणाला माहीत? ‘मंग बैल असा उधळते, असा उधळते, का इचारू नका!’ अरे पण विचारू नका कसं, नायकाला तेच तर विचारायचंय. किती कवड्या टाकायच्या? ‘नदीले पूर असन तं योग्य तितकं थांबा.’ योग्य म्हणजे किती, आणि ते ठरवणार कोण, नदी? लखनने पुस्तक लिहिलं नव्हतं, पट गाजवला होता.

मी चार शब्दांवर बंदी घातली: साधारण, योग्य, वगैरे आणि ‘समजून घ्या’. त्याने पाटीवर लिहिलं, ‘मंग उरलं काय?’ म्हटलं, नियम उरले. एका वाक्यात एकच गोष्ट. आधी कोणी करायचं ते, मग काय करायचं ते, मग कवड्या. भांडण रोज व्हायचं आणि मोठी मजा यायची, कारण भांडण एकाच बाजूने ऐकू यायचं. मी दुकानात तावातावाने बोलतेय, समोर लखन शर्टाच्या बाहीने पाटी पुसतोय, खडू मोडतोय, पुन्हा लिहितोय. दुकानात आलेली माणसं दारातूनच परत जायची. एकदा रागाच्या भरात त्याने माझ्याच टेबलावर लिहिलं, ‘तू खेळाचा जीव काढून राह्यली.’ मी त्याखाली लिहिलं, ‘तुझा वाचवून राह्यली.’

तयार झालेलं पान मी जमनीयाडीला वाचून दाखवायची. ती ज्वारी निवडता निवडता ऐकायची आणि दर वाक्याला “काहून?” म्हणत कारण विचारायची. तिच्या ‘काहून’ने बारा पानांचा भाग सहा पानांवर आला. गोणी कधी भिजते, बैल कधी दमतो, वाघ कोणाला धरतो, सगळं लखलखीत झालं. इतकं स्वच्छ लिखाण माझ्या दुकानातून याआधी कधी बाहेर पडलं नव्हतं. मला तर वाटायला लागलं की आपण राज्यघटना लिहितोय.

आता परीक्षा हवी होती. ज्यांनी लदेणीचं नावही ऐकलं नाही अशा लोकांपुढे पुस्तक ठेवायचं आणि लिहिणाऱ्याने, सुधारणाऱ्याने तोंडातून ब्र काढायचा नाही. खेळ चालला तर पुस्तक पास. नाही चालला तर येत्या रविवारी लखन तोंड उघडणार, हे त्याने मला पुन्हा एकदा लिहून दाखवलं.

मी कळंबच्या विमलमावशीला निवडलं. पूर्ण जिल्ह्यात मिक्सरसोबत आलेला कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी ती एकटी बाई आहे. त्यात ‘पात्यांना हात लावू नये’ असं असेल तर ती नवऱ्याला बोलावून मोठ्याने वाचून दाखवते. एसटी बदलत बदलत आम्ही भर एप्रिलच्या दुपारी तिच्या अंगणात पोचलो. निंबाखाली चटई होती. मावशी नायक होणार होती; खेळायला तिचे यजमान बबनराव, मुलगा अंकुर आणि शेजारच्या कांताबाई. अंकुर बोअरवेलच्या गाडीवर असतो आणि प्रत्येक गोष्ट खोल नेतो. मी पुस्तक मावशीच्या हातात दिलं आणि म्हटलं, “आता आमी दोघं मुके. काई इचारू नको.”

“तुह्यानं होईन का ते?” मावशी म्हणाली. सगळे हसले. लखन तर सगळ्यात आधी.

मावशीने चष्मा लावला आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं. “‘खेळाची सुरुवात. सगळे शेकोटीभोवती बसतात.’” मग ती उठली, आत गेली आणि शेगडी पेटवून घेऊन आली.

लखनने माझ्याकडे पाहिलं, मी लखनकडे. ते वाक्य गोष्टीतल्या शेकोटीचं होतं. एप्रिलमध्ये कळंबला माणूस सावलीत उभा असला तरी भाजून निघतो. पण पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर मावशी ऐकते होय? ती चारही माणसं घामाघूम होऊन शेगडीभोवती बसली. बबनरावांनी तर सवयीने हातसुद्धा शेकले. मी पदर तोंडात कोंबला. लखनचे खांदे गदागदा हलत होते.

पण खेळ सुरू झाला! बबनराव म्हातारे वाटाडे झाले, अंकुर गोण्या लादणारा पैलवान, कांताबाई औषधपाणी जाणणारी. त्यांनी वर्ध्याकडून येताना नदी ओलांडली, कवड्या टाकल्या, एक गोणी भिजली, मावशीने पान काढून भिजलेल्या मिठाचा नियम वाचला आणि कोणी काही विचारलं नाही. काही म्हणजे काहीच नाही! मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. लखन तर गुडघ्यांवर सरकत सरकत शेगडीच्या इतका जवळ आला की त्याला मागे ओढावं लागलं.

मग रानात लुटारू आला. मावशीने वाचलं, “‘वाटेत अनोळखी माणूस भेटला की आधी ओळख होते. ओळख पटली की पुढचं ठरतं.’” आणि ती लुटारू होऊन मांडी ठोकून म्हणाली, “थांबा! मी लुटारू हाव.”

बबनराव म्हणाले, “राम राम. कोन्त्या गावचे?”

“केळापूरचा,” मावशीने दडपून दिलं.

“केळापूर? आमच्या थोरल्या बहिणीच्या दिराची सासुरवाडी केळापूरची. कोनाकडचे तुमी?”

झालं. त्या क्षणी मला चूक दिसली. तांड्यावर अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न एकच: तू कोण, राठोड, पवार की चव्हाण? एकच कूळ निघालं तर तो भाऊ, मग लूट नाही. वेगळं निघालं तर सोयरा, मग थट्टा, टोमणे आणि कवड्या. एका प्रश्नात निकाल. लखनने ते लिहिलं नव्हतं, कारण हे न कळणारं माणूस जगात असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि मी, चार शब्दांवर बंदी घालणारी, वाक्यावर बोट ठेवून पुढे गेले होते, कारण त्यांच्यात बसून बसून मीही पवार झाले होते. आमच्या कुणब्यांच्या घरात ओळख कशी निघते हे मी, मीच विसरले होते!

ती तशीच निघाली. केळापूरवरून पांढरकवडा, तिथून दिराचा साडू, साडूची मेहुणी, मेहुणीचं लग्न, त्या लग्नात मठ्ठा कसा आंबट निघाला होता. मावशीलाही खरी माणसं माहीत असल्याने लुटारू मागे हटेना. शेगडी विझली. अखेर बबनराव टाळी वाजवून म्हणाले, “म्हंजे तुमी आमचे भाचजावई!”

“बाबा, तो लुटारू हाय,” अंकुर म्हणाला.

“लुटारू असन, पन जावई हाय. रिकाम्या हातानं कसा धाडू?” आणि त्यांनी तांड्याचं सगळं मीठ, एकूण एक गोणी, जावयाला मानपान म्हणून देऊन टाकली. एकही कवडी न फेकता तांडा लुटला गेला, तोही आग्रह करून.

अंकुर उठून उभा राहिला. “गोण्या म्या लादल्या! तुमी कोन देनारे?” बबनराव म्हणाले, घरात मोठं कोण? अंकुर म्हणाला, हे घर नाही, तांडा आहे. गोष्ट तिथून गेल्या दिवाळीतल्या मोटरसायकलच्या भांडणावर घसरली. कांताबाई चपला शोधत म्हणाल्या, “मी येतो बाप्पा, गाय सोडाची हाय.” पुस्तक मावशीच्या मांडीवर उघडं पडलं होतं आणि ती एकदा नवऱ्याकडे, एकदा मुलाकडे पाहत होती. टेबल मोडत होतं. शामच्या वेळी मोडलं होतं, अगदी तसंच.

लखनचं तोंड उघडलं.

मी पाहिलं, त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली. मावशीने ठेवलेल्या ताटात टरबुजाच्या फोडी होत्या. मी त्यातली सगळ्यात मोठी उचलली आणि त्याच्या तोंडात कोंबली, सालीसकट. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मला रडूच आलं. खरं सांगते, हसूही येत होतं आणि रडूही. त्याच्या हनुवटीवरून लाल पाणी गळत होतं.

“थांबा सगळे,” मावशी म्हणाली. मिक्सरचा कागद वाचणारी बाई ती. तिने शेवटचं पान काढलं होतं. “‘नियम सापडला नाही तर तांडा नसाब बसवेल. नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. जो जो खेळाला बसला आहे त्याने एकदा बोलायचं. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. सगळ्यांचं ऐकून नायक निकाल देईल आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहील. तो पुढे नियम.’ बसा खाली. अंकुर, बस. कांताबाई, गाय कोठी पळून नाई जात.”

त्या घरात मध्ये न बोलता कोणी कोणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही. पण पुस्तकात लिहिलं होतं! बबनराव बोलले, अंकुर दात दाबून बसला. अंकुर बोलला, बबनराव निंबाकडे पाहत बसले. कांताबाईंनी सांगितलं की जावयाला एक गोणी द्या आणि तिखट बोला. मग मावशी लखनकडे वळली.

“आता तुमी.”

मी हातवारे करून सांगितलं, हा मोजायचा नाही. मावशीने पानावर बोट ठेवलं. “जो जो बसला हाय, असं लिवलं हाय. हे बसले हायेत.”

लखनने टरबूज काढलं, पाटी घेतली आणि लिहू लागला. मी वाकून पाहिलं. ‘ओळख म्हंजे असं की आधी कूळ इचाराचं, एक कूळ असन तं भाऊ...’ खरा नियम. बारीक अक्षरात पाटी भरत आली. त्याचं बरोबर होतं. विचारलं होतं, तो सांगत होता. एकदा त्याने हे दाखवलं की सगळे म्हणणार, असं होय, मग भाऊच सांगा आता, तुम्हीच व्हा नायक. त्याने मान वर केली. बबनराव आणि अंकुर दोघंही पुढे वाकून त्या पाटीची वाट पाहत होते. मोटरसायकल विसरले होते. कांताबाईंच्या हातात एक चप्पल तशीच होती.

लखनने बाहीने पाटी पुसली. मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मी बैल राखनारा. मीठ द्या. पन बैल देनार नाई. बैल माहे हाय.’

मी आयुष्यात पुष्कळ मजकूर कापला आहे. असा कोणी आपल्या हाताने कापलेला पाहिला नव्हता. मी उरलेलं टरबूज खायला घेतलं.

मावशीने चष्मा पुसला आणि निकाल दिला. जावयाला मानाची एक गोणी. बाकीच्या गोण्यांसाठी बबनराव आणि अंकुर मिळून कवड्या टाकतील. “अन् जावई उन्हाचा पायी कसा जाईन? त्याले बैल लागन. बैल कोनाचे हायेत?” तिने लखनकडे बोट केलं. “यायचे. यायनंच सांगतलं. एक बैल जावयाले.”

लखन ताडकन गुडघ्यांवर उभा राहिला. पाटीवर खडू करकरला: ‘हे पुस्तकात नाई!’

“आता हाय,” मावशी म्हणाली आणि कोऱ्या जागेत लिहिलं.

लखन आधी मावशीकडे, मग त्या पानाकडे बघत राहिला. मग तो हसायला लागला. आवाज नाही, काही नाही, पोट धरून नुसता हलत होता, चटईवर आडवा झाला, डोळ्यांतून पाणी. बबनराव घाबरून विचारू लागले, “काय झालं वो यायले?” कोणाला सांगता येईना, कारण तोवर मीही आडवी झाले होते. उन्हं उतरेपर्यंत ते सगळे खेळले. लखनचा दुसरा बैलही गेला.

पुस्तकात आता दोन्ही ओळखी आहेत, कुळाची आणि जावयाची. शेकोटीच्या वाक्यात ‘गोष्टीत’ हा शब्द वाढवला आहे. रविवारी शाम पुस्तक मांडीवर घेऊन नायक होऊ लागला. अडखळतो, पान शोधतो, बोट ठेवून वाचतो, पण वाघ आता पोटापुरतंच खातो. कोणी रुसत नाही. रुसलं तर नसाब बसते. लखन आठवडाभर पाटीसुद्धा सोबत न घेता हिंडायला लागला.

मृग लागता लागता डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली आणि म्हणाल्या, गाठी जिरल्या. दिवसाला थोडंच बोला, हळू. तो रविवार होता. यवतमाळहून येताना पूर्ण वाटेत त्याने तोंड उघडलं नाही. पहिला शब्द जपून आणत होता. जमनीयाडीने सगळ्या तांड्याला सांगून ठेवलं होतं की तो ‘याडी’ म्हणेल, लेकराचा पहिला शब्द आईचाच असतो. आम्ही शेडमध्ये खेळत होतो तेव्हा तो दारात आला. सगळं थांबलं. शाम घाईघाईने उठला, नायकाची जागा झटकली, पुस्तक पुढे केलं. “भाऊ, बस. तुही जागा.” मागून जमनीयाडी पिठाच्या हातांनीच धावत आली.

लखनने रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग आमच्या गोलाकडे. घसा साफ केला. आवाज जाडाभरडा, खोल आणि नवाच होता.

“शाम,” तो म्हणाला, “माहा नंबर कवा?”

जमनीयाडीने पिठाचा हात कपाळावर मारून घेतला. शाम पुन्हा नायकाच्या जागेवर बसला, जिभेला बोट लावून पानं उलटली आणि एकदाचं सापडल्यावर मोठ्याने वाचलं, “‘जो उशिरा येईल त्याचा नंबर सगळ्यात शेवटी.’ तुह्यंच वाक्य हाय, भाऊ.”

लखन निमूटपणे माझ्या पलीकडे, सगळ्यात शेवटी जाऊन बसला.